बाहेरची चिठ्ठी आणि निविदेचा लिफाफा

‘हे औषध सध्या आपल्याकडे नाही, बाहेरून आणा.’ शासकीय रुग्णालयात हे वाक्य एकदाही ऐकले नाही असा नातेवाईक शोधून सापडायचा नाही. वॉर्डातली सिस्टर ते ओशाळून म्हणते, निवासी डॉक्टर घाईत म्हणतो, पण चिठ्ठी तीच. ती घेऊन माणूस फाटकासमोरच्या मेडिकलमध्ये जातो. खिशात पाचशेची नोट असते, बिल साडेआठशेचे होते. मग पाच दिवसांच्या प्रतिजैविकाऐवजी तो दोनच दिवसांचे घेतो आणि ‘बाकीचे उद्या’ म्हणून परततो. तो उद्या पुष्कळदा येत नाही. अर्धवट राहिलेल्या कोर्सचे पुढे काय होते, हे या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नातेवाइकाचा राग निघतो तो समोर दिसणाऱ्या माणसावर. म्हणजे डॉक्टरवर किंवा औषध खिडकीतल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यावर. त्या चिठ्ठीचे मूळ मात्र आठ-दहा महिन्यांपूर्वीच्या एखाद्या निविदेत असते. ती निघालीच उशिरा, किंवा तिला एकच पुरवठादार आला, किंवा आलेले चारही एकाच माळेचे मणी होते, किंवा ज्याने सर्वांत कमी दर भरला त्याने माल दिलाच नाही. औषधखरेदी हा ‘बाबू लोकांचा’ विषय आहे असे डॉक्टरांनी वर्षानुवर्षे मानले आणि वृत्तपत्रांनीही तो घोटाळ्यांच्या बातम्यांपुरता ठेवला. खरे तर सलाइनमध्ये काय आहे हा जितका वैद्यकीय प्रश्न आहे, तितकाच ती सलाइन कोणाकडून, किती जणांच्या स्पर्धेतून आणि कोणत्या अटींवर घेतली हाही वैद्यकीय प्रश्न आहे.

मुंबईने याची किंमत मोजलेली आहे. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात वेगवेगळ्या आजारांसाठी दाखल असलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली. या रुग्णांमध्ये एकच गोष्ट समान होती: त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. मेंदूवरची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते त्या काळी सर्रास वापरले जाई. रुग्णालयात आलेले ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते, औद्योगिक वापराचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. हे रसायनही तसेच पाकासारखे दाट, तसेच रंगहीन, चवीलाही गोडच. शरीरात गेल्यावर त्यापासून तयार होणारे आम्ल मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका जाळून टाकते. चौदा रुग्ण दगावले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारावर तर ठपका ठेवलाच. शिवाय रुग्णालयाची खरेदी व भांडार यंत्रणा, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत साऱ्यांवर ताशेरे ओढले. आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. तो अहवाल आज कुणी वाचत नाही, ही वेगळी खंत. २०२२ मध्ये गांबियातील लहान मुले याच रसायनाने दगावली, तेव्हा तरी तो कपाटातून बाहेर यायला हवा होता.

त्या प्रकरणाचा धडा साधारणपणे ‘स्वस्तातले घेऊ नये’ असा सांगितला जातो. तो अपुरा आहे, कारण महाग घेतलेल्या मालातही भेसळ असू शकते. पुरवठादार कोण आहे, त्याच्याकडे त्या वस्तूचा परवाना आहे का, माल आल्यावर तो कोणी तपासला, आणि त्याच्याऐवजी दुसरा कोणी का नव्हता, हे प्रश्न वेळेवर विचारले गेले असते तर ती बाटली वॉर्डापर्यंत पोहोचलीच नसती. स्पर्धा न्याय्य ठेवायची म्हणजे केवळ चार पैसे वाचवायचे असे नाही. चांगला माल करणाऱ्याला दारातून आत येता आले पाहिजे आणि वाईट माल करणाऱ्याला येता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात आणि तिथेच सगळी गुंतागुंत आहे.

स्पर्धेने काय साधते याचे सर्वांत सुंदर उदाहरण लसींचे आहे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ प्रकारची कावीळ आणि हिब यांवरची पाच-एक लस जगातल्या गरीब देशांसाठी युनिसेफ खरेदी करते. सन २००० नंतरच्या सुरुवातीच्या काळात ही लस देणारा एकच उत्पादक होता आणि एका मात्रेचा दर साडेतीन डॉलरच्या आसपास होता. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह अनेक भारतीय उत्पादक जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्रता चाचणीतून पार झाले. २०१६ मध्ये युनिसेफने पुढच्या तीन वर्षांसाठी सरासरी ८४ सेंट दर जाहीर केला. लस तीच, दर चौथ्या हिश्शाच्याही खाली. यात एक बारकावा आहे. सर्वांत कमी दरवाल्याला सगळी मागणी देऊन युनिसेफ मोकळी होत नाही; ती मागणी विभागून देते, म्हणजे पुढच्या फेरीतही स्पर्धक जिवंत राहतात. आपल्याकडे मात्र सगळे ‘एल-वन’च्या, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्याच्या, पदरात टाकायचे आणि दोन वर्षांनी दुसरा कोणी उरला नाही म्हणून कपाळावर हात मारायचा, हे नेहमीचे.

स्पर्धा मारण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. सर्वांत सभ्य दिसणारी तऱ्हा डॉक्टरांच्याच हातून घडते. यंत्रांच्या खरेदीत तांत्रिक तपशील, म्हणजे ज्याला सगळे ‘स्पेसिफिकेशन’ म्हणतात ते, विभागप्रमुख आणि तज्ज्ञ समिती लिहिते. पुष्कळदा लिहिते म्हणण्यापेक्षा उतरवून घेते. टेबलावर एखाद्या कंपनीचे माहितीपत्रक असते, प्रतिनिधी नम्रपणे ‘सर, मी सॉफ्ट कॉपीच पाठवतो’ म्हणतो, आणि दमलेल्या प्राध्यापकाला तेवढीच सोय वाटते. मग अतिदक्षता विभागाच्या मॉनिटरचे वजन अमुक किलोपेक्षा जास्त नसावे अशी अट येते. तो मॉनिटर भिंतीवर टांगायचा असतो, कुणी काखोटीला मारून फिरणार नसतो. पडद्याचा आकार इंचाच्या दशांशापर्यंत ठरतो. एखाद्या बटणाला त्या कंपनीने दिलेले खास नाव जसेच्या तसे निविदेत उमटते. अशा अटींत भ्रष्टाचार असतोच असे नाही; बरेचदा आळस असतो, कधी भाबडेपणा असतो, कधी परदेशी परिषदेच्या निमंत्रणाची आठवण असते. परिणाम एकच होतो: पाच उत्पादकांपैकी चार जण दाराबाहेर राहतात.

तज्ज्ञाने खरे तर यंत्राने काय करायला हवे ते लिहावे, यंत्र कसे दिसावे ते नव्हे. दीड किलोच्या नवजात बाळाचा ऑक्सिजन किती अचूक मोजला गेला पाहिजे, वीज गेल्यावर किती मिनिटे चालले पाहिजे, गजर किती मोठा हवा, बिघडल्यावर किती तासांत माणूस आला पाहिजे. हे लिहायला डोके लागते आणि वॉर्डाचा अनुभव लागतो. म्हणूनच ते काम डॉक्टरांचे आहे. परदेशी प्रमाणपत्राचा हट्टही यातलाच. भारतीय नियामकाचा परवाना असलेल्या उपकरणालाही अमेरिकी किंवा युरोपीय प्रमाणपत्राची अट घातली की देशी उत्पादक आपोआप गळतात. अशा अटींविषयी केंद्र सरकारने सूचना काढल्या आहेत, तरी त्या अधूनमधून निविदेत डोके वर काढतातच. काही ठिकाणी ती अट योग्यही असेल. पण ती का घातली, याचे दोन ओळींचे कारण फायलीवर असायला काय हरकत आहे?

प्रयोगशाळेतले यंत्र हा तर वेगळाच सापळा. रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र अगदी स्वस्तात, कधी जवळजवळ फुकट मिळते. विभागात पेढे वाटले जातात. पुढे कळते की त्यात त्याच कंपनीचे रिएजंट चालते, दुसरे घातले तर यंत्र रुसते. मग दरवर्षी ‘एकमेव उत्पादक’ म्हणून प्रमाणपत्र जोडून, निविदेशिवाय, मागेल त्या दराने रिएजंट घेणे आले. वर्षअखेरीला अनुदान संपते आणि कागद चिकटतो: ‘थायरॉइड तपासणी बंद आहे.’ ज्या बाईला ती तपासणी हवी होती ती खासगी प्रयोगशाळेत जाते किंवा घरी जाते. अशी खरेदी करताना यंत्राची किंमत, पाच-सात वर्षांचे रिएजंट आणि हमीनंतरची देखभाल यांची एकत्र बेरीज करून त्या बेरजेवर स्पर्धा लावली, तर ‘फुकट’ यंत्र सर्वांत महागडे ठरल्याचे दिसते. नियम याला आडवे येत नाहीत. आड येते ती एवढीच गोष्ट की यंत्राचे पैसे एका लेखाशीर्षातून येतात, रिएजंटचे दुसऱ्या, आणि दोन फायली एका टेबलावर कधी भेटत नाहीत.

दुसरी तऱ्हा पुरवठादारांच्या बाजूची. छोट्या खरेदीत ‘तीन कोटेशन’ लागतात हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही कार्यालयातल्या लिपिकाला पाठ असते आणि ती तिन्ही एकच माणूस आणून देतो हेही. तीन वेगळी लेटरहेड, तीन वेगळे शिक्के, दर चढत्या क्रमाने आणि शुद्धलेखनाची चूक मात्र तिन्हींत एकच. मोठ्या निविदांत हाच खेळ नीटनेटक्या कपड्यांत होतो. व्यापारी त्याला ‘रिंग’ म्हणतात. या वेळी विदर्भ तुझा, मराठवाडा माझा. यंदा सलाइन तू घे, पुढच्या वर्षी मी. तू फक्त वरचा दर भरून निविदेला सोबत कर. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या २०१४-१५ मधील निविदांत असेच नावापुरते स्पर्धक उभे केले गेले होते. एका नागरी संघटनेने तक्रार केली आणि २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संबंधित कंपन्यांना दंड केला. काहींनी स्वतःहून कबुली दिल्यामुळे त्यांना दंडात सवलत मिळाली. ही सवलत कायद्यातच आहे. रिंगमधल्या एकाला फुटून बाहेर पडायला लावणे हाच ती मोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असतो.

स्पर्धा कायदा २००२चा; त्यातली संगनमताविषयीची कलमे २००९ पासून लागू झाली. निविदांतील संगनमताला त्यात स्पष्ट मनाई आहे. त्याखाली गाजलेले एक प्रकरण डॉक्टरांच्या ओळखीच्या वस्तूचे निघावे हा विचित्र योग. ग्रामीण भागातल्या अपघात विभागात ज्या गोळीच्या नावाने डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो, ती धान्यातली किडीची गोळी, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ मधील निविदेत तीन कंपन्यांनी तिचा दर भरला: किलोला ३८८ रुपये. तिघांनीही तोच. कारखाने वेगळे, खर्च वेगळे, दर एक. स्पर्धा आयोगाने दंड केला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला; दंड मात्र त्या उत्पादनापुरत्या उलाढालीवरच मोजायचा असे ठरवले. पुढच्याच वर्षी गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उलटा निकाल दिला. मोजकेच खरेदीदार, सर्वांना ठाऊक असलेला खर्च, अशा बाजारात सारखे दर आपोआपही येऊ शकतात, असे त्याचे म्हणणे होते. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर सारखा दर हे तापासारखे लक्षण आहे. त्यावरून आजार आहे अशी शंका घ्यावी, निदान मात्र तपासणीनंतरच करावे.

रिंग करणारे नेहमी खासगी व्यापारीच असतात असाही समज नको. केरळमधील राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या निविदांत आपापसांत ठरवून बोली लावल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये चार विमा कंपन्यांना मिळून ६७१ कोटी रुपये दंड ठोठावला. चारही कंपन्या सार्वजनिक क्षेत्रातल्या होत्या. अपिलात दंड खूपच खाली आला. पण सरकारच्याच कंपन्यांनी, सरकारच्याच गरिबांसाठीच्या योजनेत, सरकारलाच चढा हप्ता लावावा हे कळायला आधी कुणीतरी कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहावे लागले.

कागद शेजारी ठेवून पाहणे हे फार मोठे शास्त्र नाही. मेक्सिकोतील सामाजिक सुरक्षा संस्था तिथल्या रुग्णालयांसाठी इन्सुलिन आणि सलाइन घेत असे. तिथल्या स्पर्धा आयोगाने २००३ ते २००६ या काळातल्या निविदा तारखेनुसार मांडल्या, तेव्हा दिसले की जिंकणारे आळीपाळीने बदलतात, पण जिंकणारा दर आणि हरणारा दर वर्षानुवर्षे जागेवरून हलत नाहीत. २०१० मध्ये सहा कंपन्यांना दंड झाला. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. महाराष्ट्रात आता सगळ्या निविदा संगणकावर आहेत. कोणत्या औषधाला किती बोली आल्या, कोण हरले, हरलेल्याला नंतर त्याच कामातला हिस्सा मिळाला का, बयाणा रक्कम एकाच खात्यातून आली का, हे सगळे आधीच साठलेले आहे. एखादा सांख्यिकीचा पदवीधर महिनाभरात ते उलगडून दाखवील. त्याला तसे सांगणारा कोणी नाही.

आता उलट बाजू, आणि रुग्णाच्या दृष्टीने कदाचित जास्त घातक. दर चढा असला तर सरकारचे पैसे जातात. दर अवाजवी खाली असला तर औषधच येत नाही. निविदा जिंकायची म्हणून परवडत नाही असा दर भरायचा, दरकरार खिशात घालायचा आणि कच्च्या मालाचा भाव उतरण्याची वाट पाहत बसायचे. भाव उतरला तर पुरवठा, चढला तर पत्रव्यवहार. रुग्णालय तोवर स्मरणपत्रे पाठवते. दरकरार ‘अस्तित्वात’ असल्यामुळे दुसरीकडून घ्यायलाही कचरते, कारण लेखापरीक्षक विचारील की स्वस्त दर असताना महाग का घेतले. शेवटी स्थानिक खरेदी होते, ती किरकोळ बाजाराच्या भावाने. कागदावर सर्वांत स्वस्त ठरलेले औषध प्रत्यक्षात सर्वांत महाग पडते, आणि मधले चार महिने ‘बाहेरून आणा’. माल न देणाऱ्याची अनामत जप्त करून त्याला काही वर्षे दूर ठेवण्याची तरतूद बहुतेक करारांत असते. ती वापरली गेली की लगेच दबाव येतो, न्यायालयाची स्थगिती येते, किंवा तोच माणूस भावाच्या नावाने नवी कंपनी काढून येतो.

पण एकट्या पुरवठादाराला झोडपणेही प्रामाणिक ठरणार नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागेल, असे २००६चा कायदा सांगतो. आरोग्य खात्याची बिले मात्र कधी कधी वर्ष ओलांडतात. ज्याला बँकेचे हप्ते भरायचे आहेत असा प्रामाणिक छोटा उत्पादक एकदा पोळला की पुन्हा या दारात येत नाही. येतो तो उशीर दरातच धरणारा, किंवा बिल काढून घेण्याचे मार्ग ठाऊक असलेला. थकीत बिलाइतके स्पर्धेचे नुकसान दुसऱ्या कशानेच होत नसेल आणि त्यावर उपाय सांगायला समिती नेमायचीही गरज नाही.

मार्च महिना हा तर स्वतंत्र आजारच आहे. अनुदान जानेवारीत मिळते, ३१ मार्चला परत जाते. मग सात दिवसांची निविदा, एकच बोलीदार, आणि ‘तातडीची बाब’ म्हणून मंजुरी. केंद्राच्या वित्तीय नियमांत जाहिरात देऊन काढलेल्या निविदेला साधारण किमान तीन आठवडे द्यावेत असे आहे, ते उगीच नाही. सांगलीच्या किंवा नाशिकच्या कारखानदाराला जाहिरात वाचून, नमुना करून, कागद जमवून बोली लावायला तेवढा वेळ लागतोच. ज्याला आधीच माहीत असते त्यालाच सात दिवस पुरतात.

गुणवत्तेचा प्रश्न याच साखळीत अडकलेला आहे. नागपूर जिल्ह्यात शासकीय रुग्णालयांना पुरवलेल्या, पाकिटावर सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिलेल्या गोळ्यांत ते औषधच नव्हते, असे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. पाठोपाठ अंबाजोगाईहूनही अॅझिथ्रोमायसिनबाबत तशीच बातमी आली. न्यूमोनियाच्या रुग्णाला कुणी भुकटीची गोळी देत राहिले आणि डॉक्टर जंतू औषधाला जुमानत नाहीत असे समजून त्याहून तीव्र प्रतिजैविक चढवीत राहिले, तर दोष कोणाच्या माथी मारायचा? अशा प्रकरणांत माल उत्पादकाकडून थेट येत नाही. हा व्यापारी, त्याचा पुरवठादार, त्याचाही पुरवठादार अशी साखळी निघते. बोलीदारांची संख्या वाढावी म्हणून व्यापाऱ्यांना दार उघडले की कागदावर स्पर्धा वाढते. पण पाच व्यापारी एकाच कारखान्याचा माल विकत असतील, तर ती स्पर्धा कसली?

तमिळनाडूने हे १९९४-९५ मध्येच ओळखले होते. तिथल्या वैद्यकीय सेवा महामंडळाची पद्धत इतकी वेळा वाखाणली गेली आहे की आता ती सांगताना संकोच वाटतो, पण महाराष्ट्रात ती अजून पुरती उतरलेली नाही म्हणून पुन्हा सांगायची. अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी. बोली फक्त उत्पादकाने किंवा थेट आयातदाराने लावायची. आधी तांत्रिक लिफाफा. त्यात उत्तीर्ण झालेल्यांचाच दराचा लिफाफा बोलीदारांसमोर उघडायचा. कमी दराशी जुळवून घ्यायला तयार असलेल्या इतरांनाही मागणीचा वाटा, म्हणजे एक अडला तरी पुरवठा थांबत नाही. माल जिल्ह्याच्या गोदामात आल्यावर प्रत्येक बॅचचा नमुना निघतो. त्यावरचे कंपनीचे नाव झाकून, केवळ सांकेतिक क्रमांक घालून तो प्रयोगशाळेत जातो. आपण कोणाचे औषध तपासतो आहोत हे तपासणाऱ्याला ठाऊक नसते. अहवाल चांगला आला की मगच माल रुग्णालयात आणि पैसे पुरवठादाराच्या खात्यात. प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक, त्यात वर्षाची रक्कम. लागेल तसे औषध उचलायचे. पुढे केरळने आणि २०११ मध्ये मोफत औषध योजनेसह राजस्थाननेही याच वाटेने महामंडळे उभी केली.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. २०१७ मध्ये सगळी खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. परळच्या ज्या संस्थेची ओळख प्लेगच्या लसीपासून सर्पदंशाच्या औषधापर्यंत संशोधन आणि उत्पादनाची, तिच्यावर अचानक राज्यभराच्या निविदांचा डोंगर आला. गोदामांची साखळी नाही, मनुष्यबळ अपुरे, मागण्या उशिरा. विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या. २०२३ मध्ये कायदा करून ‘महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण’ स्थापण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याने राज्य हादरले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, शासनाने तो फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंची कारणे अनेक असतील. अत्यवस्थ अवस्थेत उशिरा पोहोचलेली बाळे, अपुऱ्या परिचारिका, खाटांच्या दुप्पट रुग्ण, हे सगळे खरे आहे. पण औषधे पुरेशी होती की नव्हती, या साध्या प्रश्नाचे सर्वांना मान्य होईल असे उत्तर कुणालाही देता आले नाही. कोणत्या औषधाची मागणी कधी गेली, निविदेला किती जण आले, आदेश कधी निघाला, माल कधी पोहोचला आणि तपासणीत काय निघाले, ही माहिती कुठेही एकत्र पाहायला मिळत नव्हती.

प्राधिकरण झाले म्हणून ही माहिती आपोआप दिसू लागत नाही. स्पर्धा जोखण्याची काही साधी मापे आहेत. एकाच बोलीवर किती खरेद्या उरकल्या. गेल्या वर्षी न आलेला एखादा नवा पुरवठादार यंदा आला का. आदेशापासून मालापर्यंत आणि मालापासून पैशापर्यंत किती दिवस गेले. प्रयोगशाळेत नापास झालेल्यांवर पुढे काय झाले. ही मापे जिल्हावार, औषधवार दर महिन्याला जाहीर करायला फारसा खर्च नाही. उलट बोली उघडण्याआधी कोण कोण बोली लावणार आहे ते गुप्तच ठेवायला हवे, कारण रिंग करणाऱ्यांना सर्वांत आधी तीच यादी लागते. आज नेमके उलटे चालते. निविदापूर्व बैठकीला सगळे प्रतिस्पर्धी एकाच खोलीत बसून चहा घेतात, आणि निकालानंतरचे तपशील माहिती अधिकारात अर्ज करून मागावे लागतात.

औषधखिडकीच्या वर बहुतेक रुग्णालयांत एक फळा असतो. ‘आज उपलब्ध औषधे’ असे त्यावर रंगवलेले असते आणि खाली खडूने लिहिलेली काही नावे, पुष्कळदा गेल्या महिन्यातली. त्या फळ्यावर आणखी एक रकाना आखता येईल: जे औषध नाही, ते कोणाकडून, कधी यायचे होते.